उजवी बाजू मंद आहे

नवा इअरफोन आला की पहिली दहा मिनिटं मी त्यात काहीही लावत नाही. कानात घालून नुसती घरात वावरते. भाजी चिरते, वाकून कपाटाखाली गेलेली चप्पल ओढून काढते, मूठभर चुरमुरे खाते. चावताना जबडा हलतो, जबड्याबरोबर कानाची नळी हलते, आणि भारीतला भारी इअरफोन चुरमुऱ्यांपुढे हात टेकतो. आरामदायी म्हणून गाजलेल्या कितीतरी जोड्या माझ्या स्वयंपाकघरात नापास झाल्या आहेत. आवाजाचं नंतर बघायचं. जी वस्तू कानात राहतच नाही तिच्या आवाजाचं कौतुक करून काय उपयोग?

हे माझं काम आहे. एका वेबसाइटसाठी मी महागड्या इअरफोनची परीक्षणं लिहिते. धारवाडात केलगेरीच्या बाजूला आमचं घर, नवरा वकील, मुलगी शिकायला बेंगळुरूला. मी काय करते हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "याचे पैसे देतात?" देतात. पण मुद्दा तो नाही. लहानपणापासून अठरा वर्षं मी गाणं शिकले. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा घोगरा झाला. गाणं सुटलं. कान तेवढा शाबूत राहिला, आणि पुढची सगळी वर्षं मी त्या कानाच्या जोरावर ताठ मानेनं काढली. लग्नाच्या मांडवात बसून सनईवाल्याची पट्टी कुठे घसरली हे शेजारणीला सांगणारी बाई म्हणजे मी. माझा त्रास व्हायचा लोकांना. होऊ दे, म्हणायचे मी.

आवाज तपासायला माझ्याकडे एक जुनं रेकॉर्डिंग आहे. गुरुजींच्या घरी केलेलं, सात मिनिटांचं, फक्त दोन तंबोऱ्यांचं. गाणं नाही, तबला नाही. डावीकडचा तंबोरा गुरुबहिणीच्या हातातला, उजवीकडचा माझ्या. तारेखाली दोरा नेमका बसला की तंबोऱ्यातून जी झणझण उठते ती साध्या इअरफोनमधून येतच नाही. चांगल्यातून येते, आणि फार चांगल्यातून दोन तंबोऱ्यांच्या झणझणीतला फरकही कळतो. ही माझी फूटपट्टी.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक जोडी आली. डबा एवढा मोठा की आत शालू असावा. धातूचे इअरफोन, तळहातावर घेतले की वजन जाणवणारे. त्या सकाळी मी डोक्यावरून आंघोळ केली होती आणि उजवा कान भरल्यासारखा झाला होता. पाणी गेलं असेल, म्हणून मी एका पायावर दोन उड्या मारल्या आणि विसरले. दुपारी डबा उघडला. चुरमुऱ्यांची परीक्षा दोन्ही बाजू पास झाल्या, पण उजवीकडे दडपण वाटत होतं. मी वहीत लिहिलं : उजवीकडची रबरी टोपी घट्ट. लहान टोपी लावून पाहिली, मग फोमची, मग सगळ्यात लहान. दडपण तसंच. लिहिलं : उजव्या इअरफोनच्या नळीचा कोन चुकलेला.

मग तंबोरे लावले. डावा लखलखीत. उजवा मात्र मागच्या खोलीत कोणी वाजवावा तसा. झणझण गेलेली, नुसता घुमारा शिल्लक. शिवाय उजवीकडून एक बारीक शीळ सतत येत होती. लिहिलं : केबलमध्ये दोष असावा. आणि खाली एक ओळ, अधोरेखित करून : उजवी बाजू मंद आहे.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. एवढी महागडी वस्तू, परदेशातल्या परीक्षकांनी डोक्यावर घेतलेली, आणि तिचा दोष धारवाडच्या बाईनं पकडला! इअरफोन काढल्यावरही शीळ चालूच होती, तिचं कारण मी शोधून ठेवलं : फार वेळ ऐकल्यामुळे कान शिणला. दुसऱ्या दिवशीही होती. दुसऱ्या दिवशीही कान शिणलेलाच असणार, असं मी ठरवलं.

चौथ्या दिवशी नवरा कोर्टातून लवकर आला. मी टेबलापाशी डोकं धरून बसले होते. त्यानं विचारलं, मी सांगितलं. त्यानं डब्यातून दोन्ही उचलले, कुठला डावा कुठला उजवा हे मला विचारून घातले आणि तंबोरे ऐकत उभा राहिला.

"दोन्हीकडं सारखंच येतंय की."

"तुम्हाला तबला आणि ढोलकीही सारखीच वाटते," मी म्हणाले. "काढा ते. मळ लागेल."

"अगं, पण खरंच सारखं येतंय. तू एकदा कान दाखव जा की कुणाला तरी."

"माझा कान दाखवू? माझा?"

त्यानं इअरफोन डब्यात ठेवले आणि चहा करायला गेला. पंचवीस वर्षं साक्षीदारांची उलटतपासणी घेणारा माणूस माझ्यापुढे एका प्रश्नात माघार घेतो, याचा मला त्या दिवशीही अभिमान वाटला. चौथा दिवस होता तो. चौथा!

त्याच संध्याकाळी मी कंपनीला पत्र लिहिलं. सभ्य भाषेत जितकं झोंबता येतं तितकं झोंबले. त्यांचं उत्तर नम्र होतं : दिलगीर आहोत, दुसरी जोडी पाठवतो. दुसरी जोडी यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी कानात कोमट तेल घातलं, वाफ घेतली, नाक दाबून फुंकर मारली. कान दुखत नव्हता, वाहत नव्हता. दुखत नाही ते आजारपण नाही, असं आमच्या घरात सगळेच धरून चालतात, आणि मी तरी वेगळी कुठून असणार.

एकदा केलगेरीच्या तळ्याकडून फिरून येताना उजवीकडून मोटरसायकल अंगावर आली. मला ती दिसली तेव्हा तिचं चाक माझ्या पदराला लागलं होतं. चालवणारा ओरडला, "एन्री अक्का, किवी केळसूदिल्लेन्री?" कान ऐकू येत नाहीत का म्हणून विचारत होता. मी त्याला कन्नडात असं काही सुनावलं की मागं बसलेल्या त्याच्या बायकोनंच माफी मागितली. हॉर्न वाजवायला काय होतं तुम्हाला, म्हणून मी त्यांच्यामागे चार पावलं चालत गेले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, हॉर्न वाजवला असेल. मी दोन तास त्याच्याशी बोलले नाही.

दहाव्या दिवशी दुसरी जोडी आली. मी ती चुरमुरे वगैरे न खाता सरळ कानात घातली आणि तंबोरे लावले. उजवी बाजू मंद. शीळ चालू. एकाच कंपनीच्या दोन जोड्यांत एकाच बाजूला एकच दोष. तेव्हा मात्र मी वही मिटून ठेवली.

माझ्या प्रत्येक परीक्षणाखाली मी वाचकांना एक सूचना देते : एक बाजू कमी वाटली तर आधी डाव्याचा आवाज उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे फिरवून पाहा, मग कंपनीला शिव्या द्या. फोनमध्ये ते एका बोटानं होतं. दहा दिवस मी ते केलं नव्हतं. का नव्हतं केलं? कारण मला खात्री होती. नाही, खोटं कशाला सांगू. मला खात्री नव्हती, म्हणूनच केलं नव्हतं.

मी बोट ठेवलं. बाजू फिरल्या. माझा तंबोरा डाव्या कानात आला आणि स्वच्छ झणझणला, एकेक तार वेगळी. आणि गुरुबहिणीचा तंबोरा, जो दहा दिवस लखलखत होता, तो उजवीकडे जाऊन मेला.

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा. किती वेळा ते माहीत नाही. मग जुने इअरफोन काढले, मुलीचे काढले, बसमध्ये वापरायचा स्वस्तातला काढला. प्रत्येकाची उजवी बाजू मंद होती. शेवटी उजव्या कानापाशी बोटं चोळली. बोटं एकमेकांवर घासत होती, ते हाताला कळत होतं. कानाला काही नाही. मी नवऱ्याला हाक मारली, आणि माझी हाक मलाच एका बाजूनं आली.

पुढचे दोन दिवस शनिवार-रविवार. जुन्या हुबळीत नवऱ्याची बहीण राहते, तिनं ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारी सकाळची पहिली वेळ मिळवली. धारवाड ते हुबळी बसमध्ये मी खिडकीशी बसले, डावा कान आतल्या बाजूला ठेवून, आणि कंडक्टरपासून रडणाऱ्या पोरापर्यंत सगळं ऐकत गेले. जेवढं येतंय तेवढं साठवून घ्यावं असं वाटत होतं.

डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं. पडदा ठीक, मळ नाही. तेल कोणी घालायला सांगितलं, म्हणून रागावले. मग विचारलं, "कधीपासून?"

"आठ-एक दिवस," मी म्हणाले.

"बारा," नवरा म्हणाला. "डबा आला त्या दिवसापासून."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. कानाची नस अशी अचानक जाते कधी कधी, म्हणाले. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. औषध आहे, पण ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. तुम्ही पहिल्या दोन-चार दिवसांत आला असता तर मी जास्त आशेनं बोललो असतो, म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला असता तर मी भांडले असते, आणि भांडून थोडं बरं वाटलं असतं. त्यानं फक्त गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा विचारून घेतलं.

गोळ्या झाल्या. मग पडद्यातून आत इंजेक्शन, आठवड्याला एक, असे तीन आठवडे. ते दिल्यावर अर्धा तास कुशीवर निजायचं आणि गिळायचंही नाही. मी गिळलं नाही. कधी देवाजवळ काही मागितलं नव्हतं, ते मागितलं. सगळं नको, झणझण नको, नुसतं माणूस बोललेलं कळू दे, म्हटलं. मुलगी आली होती, ती मुद्दाम माझ्या उजव्या बाजूला बसायची आणि हळू काहीतरी पुटपुटायची, आणि मी तिच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचे. ती खूश व्हायची. मी तिला तसंच खूश होऊ दिलं. कंपनीला एक ओळीचं पत्र लिहिलं : तुमच्या दोन्ही जोड्या निर्दोष आहेत.

तिसऱ्या इंजेक्शननंतर आठवड्यानं शेवटची तपासणी होती. काचेची खिडकी असलेली बंद खोली, आत एक खुर्ची, हातात बटण. बाहेर मशीनपाशी एक तरुण मुलगी, हुबळीचीच, माझी मराठी ऐकून मोडक्या मराठीत बोलणारी. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानात तिनं खळखळ सोडून ठेवली, म्हणजे त्यानं उजव्याला मदत करू नये. पहिल्या तपासणीत उजव्या कानासाठी मी फार थोड्या वेळा बटण दाबलं होतं. आज कागदावरची ऐकण्याची रेघ वर आली तर पुढची औषधं, नाही आली तर इथंच थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी डोळे मिटले आणि उजवीकडे लक्ष लावलं. आयुष्यात एवढं लक्ष कधी कशाकडे दिलं नव्हतं. शीळ होती. शिळेच्या मागे काही आहे का? काही नव्हतं. आधीच्या तपासण्यांत, डाव्या कानाच्या वेळी, एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मुलगी आवाज ठरावीक अंतरानं सोडते. मी मनात मोजलं आणि दाबलं. पुन्हा मोजलं, पुन्हा दाबलं. एकदा मुद्दाम सोडून दिलं, खरं वाटावं म्हणून. मग पुन्हा दाबलं. ताल माझा पक्का होता, अठरा वर्षं काय फुकट शिकले होते? डोळे किलकिले करून पाहिलं तर ती खाली मान घालून काहीतरी करत होती, लिहीत असणार. रेघ वर चढत असणार. मी दाबत राहिले.

दार उघडलं. तिनं माझ्या कानांवरचं सगळं काढून घेतलं आणि डाव्या बाजूला येऊन वाकली.

"अक्का, उजवीकडचा आवाज थांबवून मी तुमची जुनी फाइल शोधत होते की हो. मघापासून मी काय सोडलंच नाही."

"मला काहीच आलं नाही, माहीत आहे गं," मी म्हणाले. "तरी लिही थोडं ऐकू आलं म्हणून."