आधी तोंड धुऊन या

"आधी तोंड धुऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साबण लावून. भुवयासुद्धा पुसून या."

साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्यासमोर मी नुकतीच बसले होते. मला राग आला. मी म्हसवडात ब्युटी पार्लर चालवते. माझं तोंड हीच माझ्या दुकानाची पाटी. माणसं देवाला जाताना आंघोळ करतात, तशी मी साताऱ्याला जाताना मेकअप करते. आणि ही बाई पहिल्याच वाक्यात मला तोंड धुवायला सांगत होती.

कोपऱ्यातल्या बेसिनवर तोंड धुतलं. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. डोळ्यांखालची सूज बोटानं दाबून बघितली. मग भुवईवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "बाहेरचा हा तुकडा कधीपासून गेलाय?"

भुवईचा कानाकडचा भाग विरळ होत होत गेला होता. तो मी रोज पेन्सिलनं काढत होते. इतका सवयीनं काढत होते की तो गेलाय हेच विसरले होते.

"तळहात पिवळे दिसतायत."

"हळदीनं. पार्लरात नवरीमुलींची हळद उतरवायची असते ना सारखी."

"चप्पल काढा बरं." मी काढली. "हळद तळपायालाही लावता का?"

मी तळपाय वळवून बघितला. तोही पिवळा होता. त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं, पण नाव आधीच सांगून टाकलं. हायपोथायरॉइडिझम. म्हणजे गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी सुस्तावते, तिचा रस कमी पडतो आणि सगळं शरीर मंद चालायला लागतं. चूल विझत आली की भाकरी जशी कच्ची राहते, तसं अंगातलं प्रत्येक काम अर्धवट होतं. चेहरा सुजतो, कातडी कोरडी आणि पिवळसर होते, आवाज घोगरा होतो, आणि कितीही झोपलं तरी थकवा जात नाही.

"याआधी कुणाला दाखवलं होतं?" त्यांनी विचारलं.

दोघांना दाखवलं होतं. दोघांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या.

"त्यांना बोल लावू नका. तुम्ही त्यांना चेहरा दाखवलाच नव्हता."

खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला अभिमान वाटला. दोन डॉक्टरांना पत्ता लागू नये असा माझा बेस, म्हणजे मेकअपचा खालचा थर, बसला होता. हे बोलायची गोष्ट नाही, पण वाटलं ते वाटलं.

तुमच्यापैकी कुणी आरशात बघून "मी एवढी दमलेली का दिसते" असं म्हणत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. दमलेला चेहरा ताजा कसा करायचा हे मला चांगलं ठाऊक आहे, तेही सांगते. डोळ्यांखाली काळं असेल तर त्यावर नुसता गोरा रंग थापू नका, राख फासल्यासारखं दिसतं. आधी नारिंगी छटेचा करेक्टर अगदी थोडा, मग आपल्याच रंगाचा कन्सीलर, तोही बोटानं टेकवत, घासायचा नाही. पावडर जेवढी कमी तेवढी बरी, नाहीतर सुरकुत्या उठून दिसतात. काजळ खालच्या पापणीत भरभरून घातलं की डोळा आणखी खोल जातो, म्हणून रेघ फक्त वरच्या पापणीवर. गालावरचा रंग जरा वर, डोळ्याच्या दिशेनं. आणि या सगळ्याच्या आधी गार पाण्यात पिळलेलं फडकं डोळ्यांवर ठेवून स्वस्थ पडायचं.

हे सगळं मी स्वतःवर रोज करत होते. आधी पाच मिनिटांत व्हायचं, मग त्यालाच तासभर लागायला लागला. काम जाणणाऱ्या माणसाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं. पण लग्नसराई होती. दमले म्हणजे काम जास्त आहे. केस गळतात म्हणजे बोअरचं पाणी क्षारट आहे. उन्हाळ्यात स्वेटर घालावासा वाटतो म्हणजे वय झालं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार असायचं. गावात दोघी-तिघी माझं सुजलेलं तोंड बघून "बाई घ्यायला लागली काय" असंही कुजबुजल्या होत्या. त्यांच्यासाठी मी बेसचा आणखी एक हात मारत होते.

एका गोष्टीला मात्र कारण सापडत नव्हतं. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायची. आयलायनरची रेघ काढताना हात मध्येच परका व्हायचा. आणि दोन महिन्यांवर माझ्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न होतं.

ऋतुजा माझी एकुलती एक. ती सहावीत असताना एका नवरीला नटवताना माझ्याजवळ उभी राहून बघत होती, तेव्हाच तिनं मला बजावलं होतं, "माझ्या लग्नात दुसरं कुणी माझ्या तोंडाला हात लावायचा न्हाई. तूच." मी हो म्हटलं होतं. इतक्या परक्या पोरी मी बोहल्यावर चढवल्या, तेव्हा आपली चढवायचा दिवस मनात धरूनच चढवल्या.

तपासणीचा कागद आला. टीएसएच, म्हणजे ग्रंथीला काम करायला सांगणारा मेंदूचा हुकूम, तो असायला हवा त्याच्या कितीतरी पट वाढला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदू ओरडतोय आणि ग्रंथी उठत नाही." त्यांना छातीचे ठोकेही मंद लागले, म्हणून टू-डी इको केला. ती हृदयाची सोनोग्राफी, दुखत नाही, फक्त गार जेल लावतात. त्यात हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी दिसलं. पेरिकार्डियल इफ्यूजन. थायरॉइड फार काळ दुर्लक्षित राहिला की असं होऊ शकतं.

"घाबरण्याइतकं नाही, पण घरी पाठवण्याइतकं कमीही नाही," त्या म्हणाल्या. "ॲडमिट व्हा."

"लेकीचं लग्न आहे."

"पुढे ढकलता येईल?"

येणार नव्हतं. जावई फौजेत. आमच्या भागात अशा लग्नाची तारीख भटजीच्या आधी सुट्टी ठरवते. सुट्टी मंजूर झाल्याचा फोन आला की मग मुहूर्त शोधायचा. पुन्हा सुट्टी कधी मिळेल हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

"लग्नापर्यंत तुम्ही नीट चालायला-बोलायला लागाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाताचं मी वचन देत नाही. मनगटातली शीर सुजेनं दाबली गेलीय. याला कार्पल टनेल म्हणतात. सूज उतरली की हात सुधारतो, पण त्याला त्याचा वेळ लागतो. भुवया तर त्याहून उशिरा येतील."

भुवयांचं मला काही वाटलं नाही. हाताचं ऐकून मात्र मी वॉर्डात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. मरणाची भीती नव्हती. माझ्या पोरीला दुसरी कुणीतरी नटवणार आणि मी बाजूला खुर्चीत बसून टॉवेल धरणार, हे मला सोसत नव्हतं.

गोळी सुरू झाली. थायरॉक्सिन. हृदयामुळे आधी अगदी कमी डोस, मग हळूहळू वाढवत नेला. ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास चहा नाही. आमच्या घरात चहाशिवाय डोळा उघडत नाही, त्यामुळे आजारपणातलं सगळ्यात अवघड पथ्य हेच ठरलं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती आणि ही चार तासांच्या अंतरानं घ्यायची, हे विचारून ठेवा. बरं वाटलं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. आणि ती लागली की फटाफट तरतरी येईल अशी वाट बघू नका. मी बघितली आणि पहिला आठवडा उगाच रुसून घालवला.

माझे यजमान ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान चालवतात. बोलणं कमी. वॉर्डात माझ्याजवळ स्टुलावर बसून असायचे. एकदा त्यांनी पिशवीतून माझं आयलायनर काढलं, शर्टाची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला.

"हं. काढ रेघ," ते म्हणाले.

"आवं, लोक बघत्यात."

"बघू दे की. सराव नगं व्हय?"

मी त्यांच्या हातावर रेघा काढायला लागले. पहिल्या दिवशीच्या रेघा शेळीनं तुडवलेल्या वाफ्यासारख्या होत्या. ते हात पुसून परत पुढे करायचे. नर्सबाई इंजेक्शन द्यायला आल्या की आधी यजमानांचा हात बघून घ्यायच्या, "आज बरी आहे रेघ" असं म्हणायच्या आणि मग माझ्याकडे वळायच्या. घरी सोडल्यावरही आमचं हे चालू राहिलं. गिऱ्हाइकाला पाइप मोजून देताना यजमानांच्या हातावर काळ्या रेघा असायच्या आणि कुणी विचारलं तर ते खुशाल सांगायचे, "मंडळींची परीक्षा हाय."

सूज उतरत गेली. पुन्हा इको केला तेव्हा पाणी कमी झालं होतं. आवाज मोकळा झाला. मनगटाला झोपताना पट्टा बांधत होते. बोटं बहुतेक वेळ माझी असायची, पण मध्येच दगा द्यायची. म्हणून मी सांगलीच्या मालनताईंना फोन केला. सांगली माझं माहेर, आणि लग्नाआधी मी हे काम त्यांच्याच हाताखाली शिकले. म्हटलं, "पेटी घेऊन या. मला जमलं न्हाई तर तुमी करा." फोन ठेवला आणि यजमानांचा हात ओढून परत रेघा काढायला बसले.

लग्नाच्या सकाळी ऋतुजा समोर बसली. हळदीचा पिवळेपणा अजून गालावर होता. दुधात भिजवलेल्या कापसानं तो उतरवला. बेस बसवला. मालनताई मागे उभ्या, त्यांची पेटी बंद. डाव्या डोळ्याची रेघ एका दमात गेली. उजव्या डोळ्याला हात नेला आणि अंगठा बधिर झाला. ब्रश दिसत होता, पण बोटांना लागत नव्हता.

मी थांबले. मालनताईंनी पेटीच्या कडीला हात घातल्याचा आवाज आला.

ऋतुजाचे डोळे मिटलेले होते. तशीच म्हणाली, "आई, हात टेकव माझ्या गालावर."

आमच्या धंद्यात हे पाप. बेस बसवल्यावर नवरीच्या गालाला हात टेकायचा नाही, ठसा उठतो, सगळं उखडतं. शिकणाऱ्या पोरींना मी यावरून रडेपर्यंत बोलले आहे.

"बेस मोडंल."

"मोडू दे. परत लाव. घाई कुणाला हाय?"

मी आख्खा तळहात तिच्या गालावर टेकवला. गाल गरम होता. तिनं वरून माझं मनगट धरलं. हाताला बूड मिळालं आणि रेघ सुटली, पापणीच्या आतल्या टोकापासून बाहेरपर्यंत, न थरथरता, शेवटी वर उचललेली. मग गालावर उमटलेला माझा हात मी सावकाश पुसला आणि तिथला बेस नव्यानं लावला. मालनताई वाकून दोन्ही डोळे बघून म्हणाल्या, "मला उगीच सांगलीस्नं बोलावलंस की गं." आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस.

"आता तू बस, तुझं करते," त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. तोंड धुतलं, कुंकू लावलं, आणि अर्ध्या भुवया घेऊन मांडवात गेले. पहिल्यांदाच मी माझ्या गावाला माझं तोंड दाखवत होते.

विहीणबाईंनी बघितलं. "ताई, लय दमल्यागत दिसताय."

एरवी हे ऐकलं असतं तर मी चार दिवस आरशासमोरून हलले नसते.

"व्हय, दमलेय," मी म्हणाले. "लेकीचं लग्न हाय न्हवं. बसू का जरा?"

त्यांनी खुर्ची ओढून दिली, आणि शेजारी स्वतःसाठी आणखी एक ओढली.

गोळी आता जन्मभराची आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही. भुवया पुष्कळशा परत आल्या. हात पूर्ण माझा आहे. ज्या डॉक्टरीणबाईंवर मी रागावले होते त्यांना लग्नाचे लाडू नेऊन दिले, तेही धुतल्या तोंडानं. तुम्हालाही एवढंच सांगते, दवाखान्यात जाताना मेकअप करू नका, नखांचा रंगसुद्धा पुसून जा. आणि झोपूनही न उतरणारा थकवा असेल तर क्रीम विकत घेण्याआधी रक्त तपासा. मग या माझ्याकडे, काय सुंदर करायचं ते मी करते.

पार्लरमध्ये आता समोरच्या भिंतीवर मी आमचा लग्नातला फोटो मोठा करून लावलाय. मायलेकी शेजारी शेजारी. परवा एक नवीन गिऱ्हाईक आली, तोंड धुऊन खुर्चीत बसली आणि फोटोकडे बघत म्हणाली, "नवरी लय देखणी हाय. शेजारची ती दमलेली बाई कोण वं?"

"ती मी," मी म्हणाले. "तू नवरीच्या उजव्या डोळ्याची रेघ बघ."