आईच्या प्लेटलेट्स गेल्या कुठे?

गेल्या मंगळवारी बीडला शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि मोबाईलवर आईचा रिपोर्ट आला. प्लेटलेट्स फक्त तीस हजार... भाजीचा घास हातातच राहिला.

आईच्या पित्ताशयात खडे झालेत, शुक्रवारी ऑपरेशन ठरलेलं. सर्जनना रिपोर्ट पाठवला तर लगेच फोन आला. एवढ्या कमी प्लेटलेट्सवर ऑपरेशन करणार नाही, रक्त थांबलं नाही तर काय करायचं? परत तपासा, तसाच आला तर संभाजीनगरला न्या, म्हणाले.

मी मुळातच घाबरट. नेटवर नको ते सगळं वाचून काढलं आणि शाळा सुटेपर्यंत मनातल्या मनात आईला दोन-तीन भयंकर आजार लावून मोकळी झाले. फॅमिली ग्रुपवर पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध... ज्याचा त्याचा सल्ला सुरू.

दुसऱ्या दिवशी माझा मोठा भाऊ, दादा, आईला पाटोद्याहून घेऊन आला. ती रिक्षातून उतरली तशी मी तिच्या दंडावर काळेनिळे डाग शोधायला लागले. हिरड्यांतून रक्त येतं का बघू, तोंड उघड म्हटलं.

"आगं, बैलबाजारात आणलंस व्हय मला, दात बघायलीस?" आई म्हणाली. एरवी हसले असते. त्या दिवशी हसूच येईना.

बीडच्या ज्या लॅबचा रिपोर्ट होता, तिथल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघितला, आईकडे बघितलं आणि विचारलं, "रक्त पाटोद्यात काढलं ना? मग इथपर्यंत आणलं कुणी?"

आणलं होतं दादाने. त्याचा खव्याचा धंदा, रोज बीडला गाडी येते. लॅबचा माणूस संध्याकाळी नेणारच होता, पण तोवर कशाला थांबायचं म्हणून दादाने रक्ताच्या नळ्या स्वतःच घेतल्या.

"बर्फात आणलं मॅडम," दादा छाती फुगवून म्हणाला. "खवा आणतो तसंच. लई जपून. जरा बी ऊन लागू दिलं न्हाई."

मॅडमनी कपाळाला हात लावला. थंडीने प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या असतील, म्हणाल्या, आणि गठ्ठे झाले की मशीनला त्या नीट मोजता येत नाहीत. त्यांनी तिथेच आईचं ताजं रक्त घेतलं. रक्त गोठायची तपासणी पण करून घेऊ म्हणाल्या.

"पण खरंच कमी असतील तर?" मी विचारलं.

"तर तेही कळेल. बसा बाहेर."

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं. मी दादाला नको तितकं बोलले... एक फोन करून विचारता येत नव्हतं का, सगळ्यातच कसली रे घाई. तो खाली मान घालून बसला. आई मध्ये बसून आमच्या दोघांच्या पाठीवरून हात फिरवत होती, आजारी आम्ही असल्यासारखी.

मॅडम स्वतः बाहेर आल्या. रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली पण बघितली, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर आहेत, रक्तही वेळेत गोठतंय, म्हणाल्या... मला तिथेच रडू फुटलं.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी आई जरा बोलायला लागली, तर पहिलं काय म्हणावं... "दादाला बोलू नको गं आता. त्या दिवशी खव्याचा समदा बर्फ काढून त्यानं माझ्या रगताभवती लावला. त्याचा खवा नासला की. तुला बोलला का त्यो?"

नव्हता बोलला. मी बाकावर एवढं तोडून बोलले तेव्हासुद्धा नाही.

तेवढ्यात दादा चहा घेऊन वर आला आणि मी नुसता कप घेतला, माफी मागायची राहूनच गेली. म्हणून इथे लिहितेय. दादा, आई घरी आली, ठणठणीत आहे. तिला असंच जपत राहा... फक्त पुढच्या वेळी बर्फ लावायच्या आधी एक फोन कर.