मेसची ड्युटी

साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. धड्यात ‘मेस’ हा शब्द आला की पोरं नाक मुरडतात, कारण अर्धा वर्ग होस्टेलवरचा. मग मी फळ्यावर त्याचा दुसरा अर्थ लिहिते: पसारा, घोटाळा, नुसता राडा. तो वाचून दरवर्षी कुणीतरी फिदीफिदी हसतंच.

खरं तर शब्द मूळचा साधा आणि भला आहे. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘पाठवलेलं’, म्हणजे आतून आणून पुढ्यात ठेवलेला पदार्थ. इंग्रजीत तो एकत्र जेवायला बसणाऱ्यांच्या पंगतीलाही लागला. पलटणीतली आणि होस्टेलची मेस तिथून आली. पुढे पातळ कालवलेल्या खाण्याला, मग जनावरांपुढच्या आंबोणाला मेस म्हणू लागले आणि घसरत घसरत शब्द राड्यापर्यंत पोचला. त्याची ही परवड मला बघवत नाही, कारण आमच्या घरी तो फार जपून वापरला जायचा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त फौजी. आटपाडीजवळच्या आमच्या वाडीतून फौजेत गेलेले ते एकटेच. बाकीचे गलाईच्या धंद्यात, परमुलखात सोनं गाळायला. फौजेत काय करत होता असं विचारलं की आप्पा मिशीवर हात फिरवून म्हणायचे, ‘मेसला ड्युटी होती.’ उलट विचारणारं कुणी नव्हतं. हे काहीतरी मोठं खातं असणार असं वाडीनं धरून टाकलं होतं, आणि मीही त्यातलीच; पुढे होस्टेलच्या मेसला जेवू लागले तरी आप्पा फौजेच्या मेसचे साहेब असणार असंच वाटायचं. घरात मात्र त्यांनी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नाही. त्याचा मला राग यायचा आणि मी तो लपवत नव्हते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी सांगलीत होस्टेलवर होते, आणि नेमकी परीक्षेच्या तोंडावर कावीळ झाली. मेसच्या काकू मायाळू, पण त्यांच्या आमटीवर बोटभर तेलाचा तवंग. घरी गेले असते तर पेपर बुडाले असते, वर्ष गेलं असतं, आणि मग लग्नाचं बघायला पाहुणे तयारच होते. एसटीनं डबा मागवावा, तर आईचा हात मोडून प्लास्टरमध्ये. ‘पाठवतो कायतरी,’ एवढं बोलून आप्पांनी फोन ठेवला. मला वाटलं, शेजारणीला गळ घालतील.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर आटपाडीची गाडी लागली. कंडक्टरनं कापडात बांधलेला डबा पुढं केला, पण हातातून सोडला नाही.

‘पोरी, सकाळी लय गंमत झाली,’ तो म्हणाला. ‘मी आपलं सहज इचारलं, आवं फौजी, वैनींचा हात मोडलाय, मग सैपाक कुणी केला? भवतीनं निम्मं गाव उभं. तुज्या बाला घामच फुटला. मग म्हणला, म्या केला. सोळा वर्सं फौजेत ह्योच केला.’

‘लोक हसले?’

‘हसले की. त्यो डबा छातीशी धरून उभा. म्हणला, हसा खुशाल, पर डबा आडवा करू नगा. पोरीचा पेपर हाय.’

मी तिथंच बाकावर बसून डबा उघडला. मुगाची मऊ खिचडी, दुधीची भाजी, तेलाचा थेंब नाही. दोन-चार घास खाल्ले. इतकी वर्षं धरून ठेवलेल्या रागाची लाज वाटली. आप्पांना फोन लावला.

‘आप्पा, जेवतेय.’

‘मीठ?’

‘अगदी बरोबर आहे.’

 मग ते हळूच म्हणाले, ‘कमी पडलं, जास्त झालं, एवढंच सांगायचे गं सगळे. बरोबर हाय असं आजपातुर कुणी म्हणलं न्हवतं.’