मेव्हण्याच्या गळ्यातला टॉवेल

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फरशा आणि कमोड विकणाऱ्या दुकानात नोकरीला आहे. पैसे घेऊन लढणारे झाडून सगळे बॉक्सर भित्रे असतात, असं त्याचं ठाम मत. कुणी विचारायची वाट बघत बसेल तर तो मेव्हणा कसला!

"दाजी, हातात गाद्या बांधायच्या, वजन जुळणारा माणूस शोधायचा, मध्ये रेफरी, बाजूला डॉक्टर, दमलं की घंटा आणि बसायला स्टूल! हे काय शौर्य झालं? हिंमत असेल तर रस्त्यावर या म्हणावं."

याची स्वतःची हिंमत मी पाहिलेली आहे. एकदा एक बाई तडा गेलेलं बेसिन पोटाशी धरून दुकानात आल्या. वय साठीच्या पुढचं, अंगकाठी केरसुणीएवढी. त्यांना दारात बघितलं आणि आमचा वाघ मांडून ठेवलेल्या कमोडांच्या मागे जाऊन बसला. मालकाने कॉलर धरून बाहेर काढला तेव्हा म्हणतो, "माप घेत होतो." कसलं माप, ते त्या कमोडांनाच ठाऊक!

गंमत बघा, याच्याच पोटी बॉक्सर जन्माला आला. पोरगा एरवी बस चालवतो आणि सुट्टी जोडून येईल तेव्हा झुंजीला उतरतो. स्वभावाने गरीब. मला आतोबा म्हणतो, मी हाक मारायच्या आत ओ देतो. बापाने चारचौघांत भित्रा म्हटलं तरी हा खाली बघून जेवत राहणार.

मागच्या एका झुंजीत त्याची डावी भुवई फाटली, डोळ्यावर सूज चढली. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या वस्तादाने टॉवेल रिंगमध्ये फेकला. टॉवेल पडला की झुंज थांबते. लढणारा गडी स्वतःच्या तोंडाने कधी थांबा म्हणत नाही, म्हणून ते काम कोपऱ्यातल्या माणसाचं. पण मेव्हण्याने न्हाव्याच्या दुकानापासून माझ्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत वस्तादाची अशी काही छी-थू केली की तो बिचारा कंटाळून निघून गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र पोराला बजावलं होतं, "पुन्हा तिथे सूज आली तर तिथल्या तिथे थांबायचं. डोळा गमवाल." आणि एका डोळ्याच्या माणसाच्या हातात बस कोण देणार?

"यंदा कोपऱ्यात मी बसणार," मेव्हण्याने जाहीर केलं.

मी पोराला बाजूला घेतलं. "अरे, का ऐकतोस त्याचं?"

"बघू दे ना आतोबा त्यांना एकदा जवळून," तो म्हणाला.

बायको मला म्हणाली, "तुम्ही पण जा. माझा भाऊ आहे म्हणून सांगते, त्याच्यावर भरवसा ठेवू नका." म्हणून पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन मीही त्याच कोपऱ्यात.

समोरचा गडी एका बेकरीत भट्टीवर काम करणारा. बुटका, रुंद, हातावर भाजल्याचे डाग. दोन फेऱ्या आमचा पोरगा बरा लढला. तिसरीत बेकरीवाल्याचा ठोसा नेमका जुन्या भुवईवर बसला आणि डोळा बघता बघता मिटला. स्टुलावर आला तेव्हा मी डाव्या बाजूने स्पंज पुढे केला, तर त्याला तो दिसलाच नाही.

मी म्हणालो, "टॉवेल टाक."

टॉवेल मेव्हण्याच्या गळ्यात होता. त्याने दोन्ही टोकं मुठीत गच्च धरली. "दाजी, माझ्या घराण्यात कुणी टॉवेल टाकलेला नाही!"

याच्या घराण्यात टॉवेल अंग पुसण्यापलीकडे कशाला वापरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

घंटा वाजली. पोरगा उठला आणि डाव्या बाजूने येणारा प्रत्येक ठोसा खाऊ लागला. मी टॉवेलचं एक टोक धरून ओढलं, मेव्हण्याने दुसरं ओढलं. बादली कलंडली, माझा पाय घसरला, आणि भर सभागृहात दोन म्हातारे टॉवेलला लोंबकळायला लागले. वर मेव्हणा माझ्या कानात ओरडतोय, "मार! मार त्याला!"

तेवढ्यात बेकरीवाल्याने काय करावं? दोन पावलं मागे सरला, हात खाली सोडले आणि रेफरीकडे वळून म्हणाला, "याला इकडून दिसत नाहीये. बघा जरा."

आमच्या पोराला ते कळलंच नाही. त्याने अंदाजाने हात फिरवला, तो थेट बेकरीवाल्याच्या तोंडावर. ओठ फुटला. पण गडी जागचा हलला नाही, उलटून हातही उचलला नाही. लोक "भित्रा! भित्रा!" म्हणून ओरडायला लागले, त्यात आमच्या कोपऱ्यातला आवाज सगळ्यांत मोठा. रेफरीने पोराची हनुवटी धरून डोळा पाहिला आणि झुंज थांबवली.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळा तपासला. "वाचलात," म्हणाले. "वेळेवर थांबलं. सूज उतरेपर्यंत बस चालवायची नाही."

बेकरीवाला ओठाला बर्फ लावून दारात उभा होता. मेव्हणा त्याच्यावर घसरला, "काय रे, हात का खाली टाकलेस? मारायला घाबरलास?"

"हो काका, घाबरलो," तो म्हणाला. "डोळा गेला असता त्याचा."

"ऐकलंत दाजी?" मेव्हण्याचा चेहरा असा खुलला जणू दुकानातले सगळे कमोड एका दमात खपले. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! मी इतकी वर्षं काय सांगतोय?"

पोराने त्याच्याकडे बघितलंही नाही. उघड्या डोळ्याने बेकरीवाल्याला शोधलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी माझ्या कोपऱ्यात बसशील?"

"संध्याकाळची झुंज असेल तर बसेन. सकाळी भट्टी असते."

"अरे, ज्याने तुला मारलं त्याला कोपऱ्यात?" मेव्हणा किंचाळला. "आणि मी?"

"तुम्ही लोकांत बसा, बाबा. तिकडे ओरडायला मोकळीक असते."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली मान घालेल. पोराच्या डोळ्याकडे एकदा नीट बघेल. त्याने थोडा विचार केला खरा. मग विचारलं, "तिकीट काढावं लागेल का?"