मोटारीची उष्टी हळद

परवा दादाच्या मुलीची हळद कालवताना तो वास आला आणि मी थेट मूर्तिजापूरच्या अलीकडे, वाफ ओकणाऱ्या भाड्याच्या मोटारीपाशी जाऊन पोचले. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. दादाची उष्टी हळद घेऊन आत्या आणि मी अमरावतीहून अकोल्याला, नवरीकडे निघालो होतो. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती.

ड्रायव्हर रहीमचाचांनी बॉनेट उघडलं. रेडिएटर खालून गळत होता.

"हळद टाकली तं भोक बुजते," आत्याच्या वाटीकडे बघत ते म्हणाले.

"नवरीच्या आंधी मोटारीले?" आत्या कडाडली.

"मंग नवरीलेच इथं बलवा, बाई!"

रेडिएटर निवल्यावर आत्यानं देवाची माफी मागत अर्धी वाटी आत ओतली. वरून विहिरीचं पाणी भरलं. पिवळे ओघळ मिरवत मोटार अकोल्यात पोचली खरी, पण रेडिएटर आतून असा चोंदला की तो बदलावाच लागला. उरलेली हळद वहिनीला लागली.

वहिनी चिडली की दादा अजून म्हणतो, "मोटारीची उष्टी हळद लागली हिले, तापनारच!"

"तापू द्या," वहिनी म्हणते, "तुमच्यावानी वाटेत बंद तं नाई पडत!"