सोजर मावशीची पात

माझी मावशी सोजरबाई चालते कशी, ते मला हुबेहूब जमतं. डावा पाय जपून टाकायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि दर चार पावलांनी "अव माय!" म्हणायचं. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कमरेतली नस दबली आहे. वाकू नका, उकिडवं बसू नका, थोडं थोडं चालत राहा. मावशी म्हणाली, "वाकू नको म्हंते! तन काय टेबलावर उगवते?"

खरी कळ वेगळीच होती. आमच्याकडे निंदणाची सावड असते, आज माझ्या शेतात तर उद्या तुझ्या. मावशीचं सोयाबीन बायांनी निंदून दिलं होतं आणि आता पाळी शेजारच्या वैजयंतीकाकूची होती. "फुकटाचं खाल्ल्यासारखं वाटते मले," असं म्हणत मावशी गोळी गिळून गेलीच.

थोड्याच वेळात ती मागे पडली. पण पुढे पाहते तर तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची निंदायची ओळ, स्वच्छ! दोन्ही बाजूंच्या बाया हात लांबवून तिचं तण काढत होत्या. मावशीचा चेहरा उतरला.

"माही पात काहून निंदून राह्यल्या वं? मी मेली काय?"

"मेली असती त आराम तरी केला असता," वैजयंतीकाकू म्हणाली. "ऊठ, बायाइले पानी पाज. डाक्टरनं चाल म्हनलं ना, मंग चाल!"

मावशी तांब्या घेऊन फिरू लागली. पाणी देताना चोरी पकडल्यासारखी खालमानेनं पुटपुटायची, "माफ कर वं बाई." फिरून फिरून येतच राहिली, तेव्हा शेवटच्या पातीवरची चंदा ओरडली, "मावशे, माफ केलं! पन आता पानी नको, पोट फुटून राह्यलं!"