मयत सुपारीला बसला होता

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप पोटावर जातो. मी तेव्हा बीड तालुक्यात नवा फौजदार. गावोगावी एसटीडीचे बूथ निघाले होते अन् पेपरात किडनीचोरीच्या बातम्या यायच्या.

खबर दिली चौसाळ्याच्या एका मटणवाल्यानं. तो कानाशी लागून घोगऱ्या आवाजात बोलायचा. त्याची नक्कल करून मी ठाणं हसवायचो, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. गावातल्या एका किराणा दुकानदाराची कावीळ मुरली होती, हिपॅटायटिस का काय तो. लिव्हर पार वाळलं होतं. सगळ्यांनी आशा सोडलेली. अन् हा गडी मुंबईहून नवं लिव्हर बसवून टुणटुणीत परत आला. सोबत गेलेला धाकटा भाऊ मात्र तेव्हापासून गावात दिसला नव्हता.

"साहेब, किडन्या दोन असतात," मटणवाला म्हणाला. "लिव्हर एकच. मी रोज बोकडाचं काढतो. काढल्यावर कोणता बोकड उठून बसला?"

मला पटलं. हवालदाराला म्हणलं, खून हाय.

दुकानदाराला ठाण्यात आणलं. लिव्हर भावाचंच, पण एक तुकडाच घेतला म्हणाला. भाऊ कुठाय? तर पुण्याला, कंपनीत. दुकानदाराच्या बायकोला घरी जाऊन विचारलं, तर ती म्हणाली नाशिकला, मामाकडं. दोन जबाब, दोन गावं. आता फक्त मढं सापडायचं बाकी होतं.

परत येऊन मी टेबलावर बेड्या ठेवल्या, तसा तो रडकुंडीला आला.

"भाऊ चकलांब्याला हाय, साहेब. आज त्याची सुपारी हाय. पोरीकडच्यांना ऑपरेशनचं ठाव न्हाई, म्हणून त्याला गावात येऊ दिलं न्हाई. कळलं तर सोयरीक मोडंल. मला जगवलं त्यानं, त्याचं वाटोळं नका करू."

हद्द दुसरी होती, तरी तिथल्या ठाण्याला कळवून निघालो. मांडवात नवरदेव टोपी घालून पाटावर बसलेला. मी भावाचं नाव घेतलं, तर तो म्हणाला, "मीच की." हवालदारानं त्याला चिमटा काढून बघितला.

शर्ट वर करायला लावला. बरगडीखाली हा एवढा व्रण. मांडवात कुजबुज उठली. मी सारवासारव करायला गेलो, गुन्हा न्हाई, यानं भावाला लिव्हर दिलंय, अन् राहिलंसाहिलं तेबी सांगून बसलो.

पोरीचा बाप शांतपणे म्हणाला, "हे तुमी उघडं केलं. आता तुमीच मध्यस्थ. पोरगं पुरं हाय का अर्धं, सांगा."

मला काय डोंबल माहीत? बूथ गाठून बीडच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, कापलेलं लिव्हर वाढून भरून येतं, देणाऱ्याचंबी अन् घेणाऱ्याचंबी. मी परत परत विचारलं, तसा तो खेकसला. मांडवात येऊन सांगितलं, पण कुणाला पटेना. मलाबी धड पटलं नव्हतं.

दाराआडून पोरगीच बोलली. "मुंबईच्या डॉक्टरनं नंतर तपासलं का, तेवढं विचारा."

"तपासलं," नवरदेव खाली बघत म्हणाला. "भरून आलंय. कामाला लागा म्हणले."

"मग फोडा सुपारी," पोरगी म्हणाली.

सुपारी बापानं माझ्याच हातानं फोडायला लावली. बूथवरून साहेबांना फोन केला. त्यांनी विचारलं, मयत कुठाय? म्हणलं, बुंदी खातोय, साहेब.

लिव्हर परत कसं वाढतं, ते मला अजून उमगलं नाही. पण त्यानंतर कुणी बेपत्ता झाल्याची खबर आली की मी मढ्याआधी माणूस शोधायचो. अन् त्याच्या घरी आज काही कार्य हाय का, ते विचारून मगच जीप काढायचो.